सध्याचा वापर: नाही

आमच्या सोसायटीच्या मागून शहराचा एक हरित मार्ग जातो. लालसर फरशी, दोन्ही बाजूंना कडुनिंबाची आणि बहाव्याची रोपं, मधूनमधून बाक, आणि पावलोपावली फलक: थुंकू नये, फुलं तोडू नयेत, कुत्री मोकळी सोडू नयेत. सकाळी तिथे माणसं हात झुलवत चालतात आणि परतताना लिफ्टमध्ये मला म्हणतात, "काय सुंदर काम केलंय हो तुम्ही!" तो मार्ग आखणाऱ्यांत मी होते, हे त्यांना माहीत आहे. कौतुक ऐकलं की मी कानकोंडी होते. मी "थँक्यू" म्हणते आणि आपल्या मजल्याचं बटण दाबते.

हे काम आमच्या ऑफिसला मिळालं तेव्हा मी तिथे नवीनच लागले होते. शहरातल्या नदीचे काठ, नाले, बंद पडलेले पाट आणि बागा हे सगळं पायी आणि सायकलनं जाता येईल अशा वाटांनी एकमेकांना जोडायचं, अशी योजना होती. नाशिककरांना आपल्या हवेचा भारी अभिमान. हवा छान, द्राक्षं छान, तेव्हा चालणंही छान व्हायला हवं, असं प्रेझेंटेशनच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं. दुसऱ्या पानावर परदेशातल्या कुठल्याशा तळ्याकाठी पळणाऱ्या गोऱ्या बाईचा फोटो होता. तिला बघून बैठकीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. बैठकीला आलेला एकही माणूस खालच्या चौकातून वरपर्यंतसुद्धा पायी आलेला नव्हता.

नकाशावर जाळं आखायला आमच्या सरांना दोन दुपारी लागल्या. निळ्या रेघा म्हणजे नाले, त्यांना हिरव्या रेघांनी जोडलं की झालं. त्या रेघा जमिनीवर खरोखर कुठून जातात हे चालून बघायचं काम माझ्याकडे आलं. उन्हातली कामं नव्या माणसाची, हा आमच्या ऑफिसचा नियम होता. मला त्याचं वाईट वाटलं नाही. चालायला मला आवडायचं आणि योजनेवर माझा मनापासून विश्वास होता. हे आज लिहितानासुद्धा लाज वाटते.

पाटाची एक जुनी चारी आमच्या यादीत होती. चारी म्हणजे पाटातलं पाणी शेतांकडे नेणारा लहान फाटा. शेतांवर इमारती उभ्या राहिल्या, पाणी सोडणं बंद झालं आणि चारी कोरडी पडली. नकाशावर ती सरकारी जागेची एक अरुंद पट्टी होती. प्रत्यक्षात तिथे बाभळी, घाणेरीची जाळी आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या. पहिल्याच दिवशी मी फोनमधल्या नकाशाकडे बघत सरळ चारीच्या तळातून निघाले आणि काट्यात अशी अडकले, की ना पुढे जाता येईना ना मागे.

वरून कोणीतरी हसलं. बघते तर चारीच्या भरावावरून पाच-सहा बायका एका रांगेत चालल्या होत्या. प्रत्येकीच्या डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पालेभाजीचं गाठोडं. सगळ्यात पुढे साठीच्या आसपासची एक बाई होती.

"ताई, तिकडून कुठं निघाल्या? तिकडं काटं हायेत," ती म्हणाली. "वर या. आमच्या मागं चला."

मी त्यांना मावशी म्हणू लागले, आणि इथेही तेच म्हणते. त्यांचं घर चारीच्या पलीकडच्या गावठाणात होतं. आजूबाजूची शेतं प्लॉट पडून संपली होती, पण नाल्याच्या कडेला काही घरांचे अर्ध्या-पाऊण एकराचे तुकडे शिल्लक होते. त्यात मेथी, शेपू, पालक, कोथिंबीर. बायका पहाटे जुड्या बांधायच्या, उजाडता उजाडता चारीवरून निघायच्या आणि पंचवटीच्या बाजारात जाऊन बसायच्या. दुपारी रिकामी फडकी काखेत मारून त्याच वाटेनं परत.

मी त्यांच्या मागोमाग बऱ्याच सकाळी चालले. कॉलेजात आम्हाला उतार, सावली, निचरा यांच्यावर एक अख्खा विषय होता. त्या बायकांची वाट म्हणजे तो विषय होता, आणि त्यात एकही चूक नव्हती. काळी चिकण माती लागली की वाट भरावावर चढायची, ऊन तापायच्या बाजूला झाडांच्या सावलीला जायची, ओझं घेऊन दम लागेल असा चढ टाळून वळसा घ्यायची. मी फोनवर ती रेघ नोंदवत होते. ऑफिसात आल्यावर सरांची हिरवी रेघ पुसून मी ही रेघ बसवली. सर म्हणाले, "वा, चांगला डोळा आहे तुम्हाला." मी "थँक्यू सर" म्हटलं.

वाटेत एक नाला आडवा यायचा. तो ओलांडायला बायकांनी दगड टाकले होते. पावसाळ्यात पाणी ते दगड हलवायचं, पाणी ओसरलं की घटस्थापनेच्या आत बायका ते पुन्हा बसवायच्या. घरात नवी सून आली की तिनं पहिल्या वर्षी स्वतःचा एक दगड आणून टाकायचा, अशी त्यांची रीत होती. कोणता दगड कोणाचा, हे सगळ्यांना पाठ. मावशींनी मला त्यांचा दाखवला. मधला, चपटा, पायांनी गुळगुळीत झालेला. त्याच्या अलीकडचा त्यांच्या सासूचा.

"तुमी बी टाका एक," त्या म्हणाल्या. "इतकं दिस चालताय फुकट."

मी दोन्ही हातांनी एक दगड उचलून आणला आणि घोट्याएवढ्या चिखलात उतरले. मावशींनी तो पायानं दाबून बसवला. बायका हसून हसून बेजार. "झाल्या बाई सूनबाई आमच्या वाटंच्या!" एक म्हणाली. दुसरीनं माझ्याच फोनवर फोटो काढला. मी चिखलात उभी, मागे गाठोडी घेतलेल्या सगळ्या जणी. त्या दिवशी मी फार आनंदात घरी गेले.

आता माझी करणी सांगते. मार्गाच्या प्रत्येक तुकड्याच्या पाहणीचा एक तक्ता भरायचा असायचा. त्यात एक रकाना होता: सध्याचा वापर. मी लिहिलं, "पायवाट. भाजी विकणाऱ्या महिला रोज सकाळी व दुपारी." दुसऱ्या दिवशी सरांनी बोलावलं.

"अहो, हे काय लिहून ठेवलंत?"

"आहे ते लिहिलं सर."

"पायवाट लिहिली म्हणजे वहिवाट आली. वहिवाट आली की फाईल महसूलकडे. मग पंचनामा, जबाब, हरकती. पहिल्या टप्प्यातून हा तुकडा गेला म्हणून समजा. आणि एकदा गेला की शेजारचा बिल्डर भिंत आत सरकवायला टपलेलाच आहे." मग त्यांनी आवाज खाली आणला. "तुम्हाला त्या बायकांचं भलं करायचंय ना? मग आधी मार्ग होऊ द्या. झाल्यावर त्या चालतीलच की. त्यांना कोण अडवणार आहे?"

आमच्या धंद्यात याला खोटं म्हणत नाहीत. याला फाईल हलकी करणं म्हणतात. मोठं झाड असलं की परवानगी आली, म्हणून झाडाचं झुडूप होतं. विहीर असली की आणखी एक खातं आलं, म्हणून विहिरीचा खड्डा होतो. शेंदूर फासलेल्या देवाचा नुसता दगड होतो. सगळे करतात, आणि जो करत नाही त्याच्या फाईली धूळ खातात. मी जागेवर येऊन बसले, लिहिलेलं खोडलं आणि टाइप केलं: "नाही. झुडपे व कचरा." खाली सही केली.

सगळं सरांवर ढकलता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण टाइप करणारी बोटं माझी होती, आणि त्या वेळी मला वाईटसुद्धा वाटलं नाही. उलट आपल्याला आता काम कसं करायचं ते कळायला लागलं, असं वाटून मी मनातल्या मनात खूश झाले. संध्याकाळी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, एक तुकडा वाचवला म्हणून.

मंजुरी झटपट आली. चुन्याच्या फक्कीनं जमिनीवर रेघा मारल्या, आणि त्या अगदी बायकांच्या पायवाटेवरूनच गेल्या. यंत्रानं नाल्यातले दगड एका सकाळीत उचलून ट्रॉलीत टाकले आणि तिथे कठड्याचा बाकदार पूल झाला. काम चालू होतं तोवर बायका बाजूनं कशाबशा जात होत्या. मावशी मला म्हणाल्या, "लय झ्याक व्हणार म्हंत्यात." मी म्हटलं, "तुमच्यासाठीच आहे, मावशी." मी असं खरंच म्हटलं होतं.

मार्ग तयार झाल्यावर त्याची देखभाल आजूबाजूच्या सोसायट्यांच्या समितीकडे गेली. याच सुमारास आम्ही त्या मार्गाच्या टोकाला फ्लॅट घेऊन राहायला आलो होतो, तेव्हा त्या समितीत आमचीही सोसायटी होती. समितीनं दोन्ही टोकांना फाटकं बसवली, वॉचमन ठेवला, वेळा ठरवल्या. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तक्रारी यायला लागल्या. फरशीवर मेथीची पानं पडतात, घसरायला होतं. गाठोड्यांतून पाणी ठिबकतं. बायका मोठ्यानं बोलतात, प्राणायामात लक्ष लागत नाही. मी हे सगळं वाचत होते. एकदाही उत्तर दिलं नाही. एके दिवशी फाटकावर नवीन फलक लागला: ओझे घेऊन प्रवेश नाही.

वॉचमननं बायकांना परत फिरवलं. त्या आता वळसा घालून मोठ्या रस्त्यानं जायला लागल्या. त्या रस्त्याला फूटपाथ नाही आणि ट्रक अंगावरून गेल्यासारखे जातात. डोक्यावर ओझं असलं की मान वळवून मागे बघता येत नाही. नुसता आवाज ऐकायचा आणि कडेला सरायचं. बाजारात पोचायला उशीर झाला की सावलीतली जागा जाते. मग उन्हात बसायचं, आणि उन्हात पालेभाजी तासाभरात मान टाकते. महिन्याभरात दोघींनी जाणं सोडलं. त्यातल्या एकीच्या घरच्यांनी शेताचा तुकडा विकायला काढला.

मावशी मला फाटकाशी भेटल्या तेव्हा रागावलेल्या नव्हत्या, घाबरलेल्या होत्या. "ताई, ह्या वाटंवरच आमचा मळा उभा हाय," त्या म्हणाल्या. "वाट गेली तर मळा ठिऊन काय करू? पोरं तर इकायलाच बसल्यात."

"महापालिकेत अर्ज करा, मावशी," मी म्हटलं. "सुनावणी घ्यावी लागते त्यांना."

हा सल्ला मीच दिला. रकान्यात काय लिहिलं होतं ते मी विसरले नव्हते. पण इतक्या कागदांत तो एक कागद कोण उघडून बघणार, असं मला वाटलं.

सुनावणीला चार बायका आल्या होत्या, चांगली लुगडी नेसून. ऑफिसच्या बाजूनं सर आणि मी होतो. सुनावणी घेणारा महापालिकेचा साहेब भला माणूस होता. त्यानं त्यांना खुर्च्या दिल्या आणि अर्ज स्वतः मोठ्यानं वाचला: आमची पिढ्यान् पिढ्यांची पायवाट होती, ती खुली करून मिळावी. मग त्यानं फाईल उघडली, आणि तोच कागद वर होता.

"सध्याचा वापर: नाही. झुडपे व कचरा." त्यानं माझ्याकडे बघितलं. "मॅडम, ही सही तुमची?"

"हो."

मावशींचा चेहरा एकदम खुलला. त्यांना कागदातलं काही समजलं नव्हतं. एवढंच समजलं, की त्यावर सही माझी आहे. "साहेब, याच त्या ताई! यांनाच इचारा. रोज आमच्या मागं मागं चालायच्या. नाल्यात उतरून दगुड बी टाकलाय यांनी."

"मॅडम, पाहणीच्या वेळी तिथे पायवाट होती का?"

फोन माझ्या मांडीवरच्या पर्समध्ये होता, आणि त्या फोनमध्ये तो फोटो होता. शेजारी सर पेनाचं टोपण काढत होते, लावत होते. हो म्हटलं की माझी सही खोटी ठरणार होती, ऑफिसचं पुढच्या टप्प्यांचं काम अडकणार होतं. पण खरं सांगायचं तर मला ऑफिसचं काही आधी आठवलं नाही. आधी आठवली ती माझी नोकरी.

"तशी ठळक अशी नव्हती," मी म्हटलं.

हा ठळक शब्द कुठून तोंडात आला कोण जाणे. साहेबानं तो लिहून घेतला. "म्हणजे रेकॉर्डप्रमाणेच आहे," सर म्हणाले. मावशी माझ्याकडे बघत राहिल्या, ताप चढलेल्या माणसाकडे बघतात तशा.

मी मुद्दाम मागे रेंगाळून बाहेर पडले, तर खालच्या जिन्यावर बायका थांबलेल्या होत्या. मी वरच्या वळणावरच थबकले. एक तरुण बाई तावातावानं बोलत होती. "खोटारडी मेली! आपला चहा पिली, आपल्या वाटंनं चालली..."

"गप गं," मावशी म्हणाल्या. "त्यांना खरंच दिसली नसंल वाट. त्या सारख्या फोनमधी बघत चालायच्या. आपल्याकडं तरी कुठं बघितलं त्यांनी? काय ध्यानात ऱ्हानार?"

त्या हे टोमण्यानं म्हणाल्या असत्या तर मी सहन केलं असतं. त्या मला खरोखर सांभाळून घेत होत्या. मला सगळं ध्यानात होतं. कोणाचा दगड कुठला तेसुद्धा. दहा पायऱ्या उतरून मी एवढं तरी सांगू शकले असते. मी भिंतीवरची डेंग्यूची सूचना पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली, आणि त्या गेल्यावर खाली उतरले. दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "चांगलं सांभाळलंत." अर्ज फेटाळला गेला. मी अजून त्याच ऑफिसात आहे.

पुढे काही महिन्यांनी समितीनं एक नवीन सोय केली. सकाळी फाटक लवकर बंद होतं म्हणून सोसायट्यांतल्या कामवाल्या बायका लांबून वळसा घेऊन यायच्या आणि त्यांना उशीर व्हायचा. आपल्या घरची भांडी पडून राहायला लागली तेव्हा समितीला माणुसकी सुचली. कामवाल्यांना पास द्यायचं ठरलं. अट एकच: सदर महिला माझ्याकडे घरकामास आहे, असं फ्लॅटधारकानं लिहून द्यायचं.

एका रविवारी मावशी घरी आल्या. सोफ्यावर बसा म्हटलं तर दाराजवळच टेकल्या. पाणी प्यायल्या. इतक्या महिन्यांत त्या वाळल्या होत्या. गुडघ्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "ताई, एक काम व्हतं. तो पास म्हंत्यात, तो मला बी द्या. लिहा, की मी तुमच्याकडं कामाला हाय."

मी म्हटलं, "मावशी, त्यापेक्षा मी साहेबांना लिहून देते. वाट होती म्हणून. मी तेव्हा चुकले."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. त्यांना त्या क्षणी सगळं कळलं असणार. पण त्या एवढंच म्हणाल्या, "तो कागुद कवा हलायचा, ताई? उद्या बाजार हाय. ओझं निम्मं करीन मी. इचारलं तर ताईंच्या घरची भाजी म्हणीन."

मी कागद घेतला. पेन लगेच सापडलं. जी बाई स्वतःच्या मळ्यातली भाजी घेऊन, स्वतःच्या वाटेनं, कोणाला न विचारता आयुष्यभर चालली, ती माझी मोलकरीण आहे, असं मी लिहिलं आणि खाली सही केली. मावशींनी कागदाची घडी घालून ती कंबरेच्या पिशवीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी घरूनच काम करत होते. दुपारी बेल वाजली. दारात मावशी, रिकामं फडकं काखेत.

"सोडलं त्यानं," त्या म्हणाल्या. "बिगी पोचले आज. सावलीला जागा घावली." मग चपला बाहेर काढून त्या सरळ आत आल्या. "भांडी कुठं हायेत?"

"अहो मावशी, ते फक्त कागदापुरतं होतं. तुम्ही बसा, मी चहा ठेवते."

"वाचमननं इचारलं, कुणाकडं कामाला? मी तुमचं नाव सांगितलं. तुमची सही हाय त्याच्यावर." त्यांनी पदर खोचला. "लिहिलेलं खोटं नको, ताई. मला नाय जमत."

त्या ओट्याशी गेल्या. सिंकमध्ये दोन कप होते आणि सकाळची कढई होती. त्यांनी नळ सोडला आणि इकडेतिकडे बघितलं. त्यांना थांबवायचं तर तो पास परत मागावा लागला असता. मी पुढे झाले आणि घासणी कुठे ठेवतो ते त्यांना दाखवलं.